वास्तूची नोंद की मृत्यूचा दाखला?

लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलजवळ ऑक्सफर्ड आर्म्स नावाची एक जुनी सराई होती. मधोमध चौक आणि चौकाभोवती मजल्यावर मजले चढलेले लाकडी सज्जे, अशी तिची बांधणी होती. रेल्वे आल्यावर घोडागाड्यांच्या सरायांचे दिवस भरलेच होते. 1875 साली ही सराई पाडली जाणार हे दिसू लागले, तेव्हा वास्तू वाचत नसेल तर निदान तिची छायाचित्रे तरी राहावीत म्हणून काही लंडनकरांनी एक छोटी संस्था काढली. आल्फ्रेड व जॉन बूल यांनी आणि त्यांच्यानंतर हेन्री डिक्सन यांनी 1886 पर्यंत जुन्या लंडनच्या 120 चित्रांचा संच पुरा केला. चित्रे साध्या प्रिंटवर न छापता कार्बन प्रिंटवर छापली गेली, कारण नेहमीचे प्रिंट पिवळे पडून विरतात हे त्या मंडळींनी तोवर अनुभवाने ओळखले होते. सराई गेली आणि सज्ज्यांच्या कठड्यांवरच्या कोरीव खांबांसह तिची चित्रे मात्र राहिली.

ही गोष्ट सहसा कौतुकाने सांगितली जाते. मला ती थोडी खटकते. छायाचित्रकाराला बोलावणे आले ते निर्णय होऊन गेल्यावर. ग्लासगोमध्ये टॉमस ॲनन यांनी 1868 ते 1871 या काळात दाटीच्या गल्ल्यांची जी चित्रे घेतली, ती त्या गल्ल्या पाडण्याचे काम ज्या मंडळाकडे होते त्यानेच काढून घेतली होती. पॅरिसमध्ये शार्ल मार्व्हिल यांनी रुंद रस्त्यांसाठी पाडल्या जाणाऱ्या वस्त्या टिपल्या, त्याही नगरपालिकेच्या सांगण्यावरून. सार्वजनिक व्यवहारात वास्तूचे छायाचित्र आले ते असे, मृत्यूच्या दाखल्यासारखे. माझे म्हणणे असे आहे की स्थानिक ऐतिहासिक वास्तूंची नोंद ही जन्मनोंदीसारखी रुटीन गोष्ट व्हायला हवी. ती वास्तू धडधाकट असताना व्हायला हवी आणि तिचा पाया लार्ज फॉरमॅट कॅमेऱ्यावर घेतलेली कृष्णधवल निगेटिव्ह हाच असायला हवा. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना या म्हणण्याचा दुसरा भाग हटवादी वाटेल, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

लार्ज फॉरमॅट म्हणजे एकेक सुटी फिल्म घालून चालवायचा, भात्याचा कॅमेरा. फिल्मचे सर्वांत रूढ माप 4×5 इंच असून 5×7 आणि 8×10 इंचांच्या फिल्मही वापरात आहेत. 4×5 च्या एका फिल्मचे क्षेत्रफळ 35 मिलिमीटरच्या नेहमीच्या चौकटीच्या सुमारे 15 पट भरते आणि 8×10 चे पन्नास पटींहून अधिक. केवळ तपशिलाचा प्रश्न असता तर मी एवढा आग्रह धरला नसता, कारण आजचे चांगले डिजिटल कॅमेरे तपशिलात मागे नाहीत. या कॅमेऱ्याचे खरे सामर्थ्य त्याच्या सांध्यांत आहे. लेन्सची पाटी आणि फिल्मची पाटी एकमेकींपासून स्वतंत्रपणे वर-खाली, डावी-उजवीकडे सरकतात आणि कलतात. उंच इमारतीचा माथा चौकटीत घेण्यासाठी साधा कॅमेरा वर उचलला की भिंती वर जाताना एकमेकींकडे झुकतात. इथे कॅमेरा पाणसळीत ठेवून फक्त लेन्स वर सरकवली की माथा चौकटीत येतो आणि ओळंब्यात असलेली भिंत चित्रातही ओळंब्यातच उभी राहते. हा सौंदर्याचा हट्ट नव्हे. एखाद्या जुन्या भिंतीला खरोखरच पोट आलेले असेल तर ते चित्रात दिसायला हवे, आणि कॅमेऱ्याने आणलेला झोल त्यात मिसळला की ते कळेनासे होते. संगणकावर रेषा मागाहून सरळ करता येतात, पण त्या करणाऱ्याच्या अंदाजाने सरळ होतात.

या कॅमेऱ्याने काम करणे कसे असते ते एका प्रसंगावरून सांगतो. एका जुन्या दगडी इमारतीच्या पश्चिमेच्या भिंतीसमोर मी सकाळपासून तिवई लावून बसलो होतो. ऊन भिंतीवरून तिरपे सरकत जाईपर्यंत फिल्म घालण्यात अर्थ नव्हता, कारण समोरून पडलेल्या उन्हात दगडाची घडाई सपाट दिसते आणि तिरप्या उन्हात छिन्नीचा घाव न घाव उठून येतो. इमारतीचा म्हातारा राखणदार बराच वेळ लांबून पाहत होता. त्याला बोलावले, काळा कपडा त्याच्या डोक्यावर घेतला आणि मागच्या घासलेल्या काचेवरचे चित्र दाखवले. त्या काचेवर सगळे उलटे दिसते, आकाश खाली आणि जोते वर, डावे उजवीकडे. तो आधी हसला आणि मग गप्प झाला. जरा वेळाने कपड्याच्या आतूनच म्हणाला, "साहेब, ती दुसरी खिडकी आहे ना, ती खिडकी नव्हतीच. तिथे दार होतं." मी काचेवर भिंग टेकवले. खिडकीखालचे दगड आजूबाजूच्या दगडांपेक्षा लहान होते, त्यांचे थर जुळत नव्हते आणि दोन्ही बाजूंना चौकटीची उभी रेघ थेट जोत्यापर्यंत उतरत होती. ते दार कधी काळी बुजवलेले होते. त्या भिंतीसमोरून मी आठवडाभर ये-जा करत होतो आणि मला ते दिसले नव्हते. उलट्या चित्रात ओळखीची इमारत अनोळखी होते, मेंदू 'खिडकी' म्हणून पुढे सरकत नाही आणि डोळ्याला आकार नुसता आकार म्हणून पाहावा लागतो.

एका होल्डरमध्ये दोनच फिल्म बसतात आणि दिवसभरात आठ-दहा एक्स्पोजर झाले तरी पुष्कळ झाले. या टंचाईमुळे छायाचित्रकाराला आधी वास्तू समजून घ्यावी लागते आणि कुठून काय टिपायचे हे ठरवावे लागते. फोनवर काढलेल्या चारशे चित्रांत बुजलेले दार कदाचित चाळीस वेळा येईल, पण ते दार आहे हे एकदाही कुणाच्या लक्षात येणार नाही.

मोजमापाच्या दृष्टीने या माध्यमाचा इतिहास तर अधिकच बोलका आहे. 1858 साली आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हे तरुण जर्मन स्थपती वेट्झलारच्या कॅथीड्रलची मापे घेताना उंचावरून पडता पडता वाचले. जीव धोक्यात घालून भिंतीवर चढण्याऐवजी तीच मापे चित्रावरून का काढू नयेत, असा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यातून वास्तूंच्या फोटोग्रामेट्रीची सुरुवात झाली. 1885 मध्ये बर्लिनला त्यासाठी सरकारी संस्था उभी राहिली. तिथे 40×40 सेंटिमीटरपर्यंतच्या काचेच्या प्लेटा वापरात होत्या आणि पुढच्या काही दशकांत अशा सुमारे 20,000 प्लेटांचा संग्रह जमला. दुसऱ्या महायुद्धात यांतल्या कितीतरी वास्तू जमीनदोस्त झाल्या. बर्लिनच्या फ्रेंच कॅथीड्रलच्या पुनर्बांधणीत याच प्लेटा कामी आल्या. लक्षात घेण्यासारखे हे की त्या प्लेटा घेतल्या तेव्हा या वास्तू कुणी पाडणार नव्हते. त्या नोंदी होत्या, दाखले नव्हते.

अफगाणिस्तानातल्या बामियानचे उदाहरण आपल्या काळातले आहे. मार्च 2001 मध्ये तिथल्या बुद्धमूर्ती उडवून दिल्या गेल्यावर झुरिकच्या तंत्रविद्यापीठात आर्मिन ग्रून यांच्या गटाने सुमारे 53 मीटर उंचीच्या मोठ्या मूर्तीचे संगणकीय प्रतिरूप उभे केले. त्यांच्यापुढे तीन प्रकारची चित्रे होती: इंटरनेटवर मिळालेली, पर्यटकाने काढलेली आणि 1970 साली ऑस्ट्रियाच्या रॉबर्ट कोस्टका यांनी मोजणीच्या मोठ्या कॅमेऱ्याने घेतलेली. मूर्तीच्या वस्त्राच्या चुण्यांपर्यंतचा भरवशाचा तपशील मिळाला तो या शेवटच्या मोजक्या चित्रांतून. हजारो प्रवाशांनी त्या मूर्तींचे फोटो काढले होते, पण प्रसंग आला तेव्हा उपयोगी पडली ती तीस वर्षांपूर्वी शिस्तीने घेतलेली चारदोन चित्रे.

आता डिजिटलचा प्रश्न. याच्या विरुद्ध टोकाचे उदाहरण मी टाळणार नाही. पॅरिसच्या नोत्र दामला 15 एप्रिल 2019 रोजी आग लागली, त्याच्या काही वर्षे आधी अँड्र्यू टॅलन या कलेतिहासाच्या अभ्यासकाने लेझरने त्या वास्तूचे एक अब्जाहून अधिक बिंदू मोजून ठेवले होते आणि पुनर्बांधणीला त्याचा मोठा आधार झाला. कोणतीही निगेटिव्ह असे त्रिमित मोजमाप देऊ शकत नाही, हे मान्यच करायला हवे. परंतु नोत्र दाममागे एक समर्थ राज्य, विद्यापीठे आणि सगळ्या जगाचे लक्ष होते. मी बोलतो आहे ती गावातल्या जुन्या शाळेविषयी, बाजाराच्या छताविषयी, पुलाविषयी, स्मशानाच्या वेशीविषयी, म्हणजे ज्यांच्या नोंदीकडे पुढची पन्नास वर्षे कुणी फिरकणार नाही अशा वास्तूंविषयी. डिजिटल फाइल जिवंत ठेवायची तर दर काही वर्षांनी ती नव्या साधनावर हलवावी लागते, प्रती तपासाव्या लागतात, फाइलचा प्रकार कालबाह्य झाला की बदलून घ्यावा लागतो आणि हे सगळे करण्यासाठी कुणाचा तरी पगार अखंड चालू असावा लागतो. एका संग्रहात मी स्वतः पाहिले आहे: वीसेक वर्षांपूर्वीच्या सर्वेक्षणाच्या तबकड्या कपाटात व्यवस्थित लावलेल्या होत्या, पण त्यांतल्या निम्म्या उघडेनात, आणि शेजारच्या कप्प्यात त्याहून तिप्पट जुन्या निगेटिव्ह नुसत्या खिडकीशी धरल्या तरी वाचता येत होत्या. सार्वजनिक संस्था दुर्लक्ष करतात हे गृहीत धरूनच सार्वजनिक दस्तऐवजाचे माध्यम निवडले पाहिजे, आणि दुर्लक्ष सोसण्याची ताकद निगेटिव्हमध्ये आहे, फाइलमध्ये नाही.

रंग का नको, हे यातच येते. रंगीत फिल्मवरचे चित्र रंजकद्रव्यांचे असते आणि ती द्रव्ये अंधारात ठेवली तरी हळूहळू उडतात. कृष्णधवल फिल्मवरचे चित्र धातुरूप चांदीचे असते. पॉलिएस्टरच्या पायावरची अशी फिल्म नीट स्थिर करून, भरपूर धुऊन, थंड व कोरड्या जागी ठेवली तर ती 500 वर्षे टिकेल असे मानले जाते. अमेरिकेत 1933 साली सुरू झालेल्या ऐतिहासिक इमारतींच्या सरकारी सर्वेक्षणाने हीच मुदत कसोटी म्हणून धरली आणि लार्ज फॉरमॅट कृष्णधवल निगेटिव्हचा नियम घालून दिला. मात्र 'फिल्म म्हटली की टिकाऊ' असेही नाही. नायट्रेटच्या पायावरच्या जुन्या फिल्म पेट घेतात, ॲसिटेटच्या फिल्म सडू लागल्या की त्यांना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो आणि आकसून त्यांच्यावर सुरकुत्या पडतात. धुण्यात कंटाळा केला तर आत राहिलेला हायपो, म्हणजे चित्र स्थिर करणारे रसायन, वर्षानुवर्षे चांदी खात बसतो. टिकाऊपणा माध्यमात असतो तसाच तो डार्करूममधल्या नळाखाली उभे राहण्याच्या चिकाटीतही असतो.

रंग गेल्याने माहिती जाते, हा आक्षेप खरा आहे. चुन्याचा गिलावा पिवळा होता की गुलाबी, हे करड्या छटांतून कळत नाही आणि रंगवलेल्या भिंतींच्या बाबतीत हे नुकसान मोठे आहे. तिथे निगेटिव्हच्या जोडीला डिजिटल रंगीत चित्र घ्यावे आणि रंगांची लेखी नोंदही करावी. माझा आग्रह पायाविषयी आहे, एकाधिकाराविषयी नाही. निगेटिव्ह स्कॅन करून चार ठिकाणी ठेवायलाही हवीच, कारण मूळ वस्तू एकच असते आणि पूर किंवा आग तिलाही गाठू शकते.

कृष्णधवल चित्रणाच्या विरोधातला मला सर्वांत टोचणारा आक्षेप वेगळाच आहे, आणि तो फारसा कुणी घेत नाही. हे माध्यम वास्तूला मेलेली दाखवते. दीर्घ एक्स्पोजरमध्ये चालती माणसे पुसली जातात. लाल फिल्टर लावला की आकाश काळेभोर होते आणि साध्या देवडीलाही पुराणातल्या किल्ल्याची कळा येते. त्यातून जे तयार होते ते भिंतीवर टांगायला छान असते, पण ती नोंद नसते. आम्हा छायाचित्रकारांना ही सवय फार जुनी आहे. 1851 साली फ्रान्सच्या स्मारक आयोगाने देशातल्या वास्तू टिपायला पाच जणांना धाडले, त्यांच्यातले एदुआर बाल्दू यांनी आर्ल येथील सेंत-त्रोफीम चर्चच्या ओवरीचे चित्र अनेक निगेटिव्ह जोडून आणि सांध्यांवर हाताने रंग भरून सिद्ध केले. चित्र अप्रतिम आहे, पण त्यातली कोणती सावली उन्हाची आणि कोणती कुंचल्याची, हे सांगणे कठीण आहे. म्हणून सार्वजनिक नोंदीला नियम हवेत: भिंतीवरून गेलेल्या विजेच्या तारा, मागाहून ठोकलेला पत्रा, दुकानाची पाटी, वाळत घातलेले कपडे यांतले काहीही हटवायचे नाही, टाळायचे नाही आणि काळ्या आकाशाचा मोह आवरायचा. एखादे तरी एक्स्पोजर इतके थोडक्या वेळाचे घ्यायचे की दारात बसलेला माणूस दारात दिसेल. त्या दारात रोज माणसे बसत आली, हीदेखील त्या वास्तूची ऐतिहासिक माहितीच आहे.

खर्चाचे काय, असे विचारले जाईल. फिल्म महाग आहे, रसायने हाताळायला शिकावी लागतात, शिकवणारे कमी होत चालले आहेत. पण हे रडगाणे नवे नाही. कॅप्टन लिनियस ट्राइप यांनी 1858 साली तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या अधिष्ठानावरचे शिलालेख एकामागून एक टिपले आणि 21 चित्रे जोडून सुमारे 19 फुटांची पट्टी तयार केली. पुढे मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनी काटकसरीसाठी ट्राइप यांचे सरकारी छायाचित्रणाचे काम बंद करून टाकले. वाचलेला पैसा कशात गेला हे आज कुणाला आठवत नाही, पण न घेतल्या गेलेल्या निगेटिव्हची जागा दुसरे काही भरून काढू शकत नाही. शिवाय प्रत्येक वास्तूच्या शेकडो चित्रांची गरज नसते. दर्शनी बाजू, मागची बाजू, एक तिरपा देखावा, मुख्य दालन, जिना आणि दोन-तीन बांधकामाचे तपशील, एवढ्या दहाबारा निगेटिव्हमध्ये गावातल्या एका जुन्या वास्तूची चोख नोंद होते. दुरुस्तीच्या कोणत्याही अंदाजपत्रकात ही रक्कम नजरेत भरणार नाही.

तरीही सगळ्यात मोठा धोका पैशाचा नसून सोयीचा आहे. अमेरिकेत 1966 च्या वारसा कायद्यानंतर अशी पद्धत रूढ झाली की सरकारी कामामुळे जुनी वास्तू जाणार असेल तर त्या हानीची भरपाई म्हणून तिचे लार्ज फॉरमॅट चित्रण करून ठेवायचे. हेतू चांगला होता, पण हिशेब चमत्कारिक आहे. चित्र काढले म्हणजे देणे फिटले, आता बुलडोझर येऊ द्या! न्यूयॉर्कच्या पेनसिल्व्हेनिया स्टेशनची चित्रे सर्विन रॉबिन्सन यांनी 1933 साली सुरू झालेल्या त्या सरकारी सर्वेक्षणासाठी एप्रिल 1962 मध्ये घेतली आणि ऑक्टोबर 1963 मध्ये स्टेशन पाडायला सुरुवात झाली. चित्रे थोर आहेत, आणि त्या पाडापाडीच्या संतापातूनच 1965 साली त्या शहरात वास्तुरक्षणाचा कायदा आला, हेही खरे. पण चित्रण आणि पाडकाम एकाच फायलीत एकापाठोपाठ येऊ लागले की चित्रणाकडे पाहण्याची अधिकाऱ्यांची नजर बदलते. शिकागोमध्ये रिचर्ड निकेल हे छायाचित्रकार स्थपती लुई सलिव्हन यांच्या इमारती टिपता टिपता त्या वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरले, ते जमले नाही तेव्हा त्यांतली नक्षी काढून आणू लागले, आणि 1972 साली पाडल्या जात असलेल्या शेअर बाजाराच्या इमारतीत ढिगाऱ्याखाली सापडून त्यांचा मृत्यू झाला. चित्र म्हणजे वास्तूची भरपाई होते असे त्यांना वाटले असते तर ते त्या इमारतीत पुन्हा गेलेच नसते.

म्हणून माझी सूचना अशी आहे की नोंदीचा आणि पाडण्याच्या परवानगीचा संबंध कायद्यानेच तोडावा. वय ठरवून द्यावे, पंचाहत्तर म्हणा किंवा शंभर वर्षे. त्या वयाला पोहोचलेल्या प्रत्येक सार्वजनिक वास्तूचे चित्रण आपोआप व्हावे आणि दर पंचवीस वर्षांनी ते त्याच जागेवरून पुन्हा व्हावे. खासगी वास्तूंसाठी मालकाच्या संमतीने हेच करावे. पाडण्याचा अर्ज आल्यानंतर केलेले चित्रण भरपाई म्हणून धरूच नये. निगेटिव्ह आणि ती कागदाला थेट भिडवून काढलेला तिचा कॉन्टॅक्ट प्रिंट स्थानिक अभिलेखागारात राहावा, स्कॅन कुणालाही विनामूल्य पाहता यावेत आणि ते वापरण्यासाठी परवानगीचे खेटे घालावे लागू नयेत. 1851 च्या त्या फ्रेंच मोहिमेतली अडीचशेंवर चित्रे आयोगाने प्रसिद्ध न करता कपाटात ठेवून दिली आणि पाचांपैकी इपोलित बायार यांच्या निगेटिव्ह तर आज सापडतच नाहीत. कपाटात ठेवलेले चित्र सुरक्षित असते, पण त्याची वाट पाहणारे कुणी नसेल तर ते हरवल्याचेही कळत नाही.

राहता राहिले पाकीट. निगेटिव्ह कितीही स्वच्छ असली तरी तिच्या आम्लविरहित कागदी पाकिटावर तारीख, दिशा, कॅमेऱ्याची जागा आणि पाहिलेले काही तरी लिहिलेले नसेल तर शंभर वर्षांनी ती नुसती एक सुंदर भिंत उरते. लिहायचे पेन्सिलीने, कारण शाई उतरते, आणि निगेटिव्ह आत घालण्यापूर्वी लिहायचे, नाहीतर टोकाचा वळ फिल्मवर उठतो. माझ्याकडच्या एका पाकिटावर असे लिहिले आहे: 'पश्चिम भिंत, सकाळी पावणेबारा, कॅमेरा भिंतीपासून अठरा पावलांवर. डावीकडून दुसरी खिडकी पूर्वी दार होती, माहिती राखणदाराकडून.' ती इमारत अजून उभी आहे.